पाण्याच्या बिलाला ८१-१९, मग डॉक्टरच्या हप्त्याला का नाही?



एरवी या पानावर बहार, फवारणी, बेदाण्याचा भाव असंच असतं. आज शेतीचं थोडं बाजूला ठेवतो. थोडंच म्हणतो, कारण विषय फिरून सात-बाऱ्यावरच येणार आहे. नीटचा निकाल लागल्यापासून मला चार-पाच जणांचे फोन आले. सगळ्यांचा प्रश्न एकच. "तुमची पोरगी एमबीबीएसला हाय, पैशाचं कसं काय केलं?" प्रत्येकाला अर्धा-अर्धा तास फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. सांगता सांगता माझं एक मत आहे तेही मांडतो. मी दहावी पास माणूस, चुकलं तर जाणकारांनी दुरुस्त करावं.

आधी आकडे बघा. मिरजेसारख्या सरकारी कॉलेजला नंबर लागला तर वर्षाची फी एक-दीड लाखाच्या घरात. तिथवर शेतकरी कसाबसा पोहोचतो. खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं, ती सात-आठ लाखांपासून पुढं पंधरा लाखांपर्यंत जाते. अभिमत विद्यापीठ म्हणजे डीम्ड असेल तर वर्षाला वीस-पंचवीस लाख. हे साडेचार वर्षं भरायचं. शेवटचं एक वर्ष इंटर्नशिपचं, त्याला फी नसते. आता आमच्या पूर्व भागात जिरायत रानाला भाव किती आणि असा सौदा किती एकरांचा होतो, ते तुम्हीच बोटावर मोजा. आमच्या शेजारच्या गावात एकानं चार एकर विकून पोराला डीम्डला घातला. दोन वर्षांची फी गेली आणि रान संपलं. पोरगा हुशार आहे, त्याचा काही दोष नाही. पण बाप आता दुसऱ्याच्या द्राक्षबागेत छाटणीला जातो.

माझ्या पोरीला २०२१ च्या नीटमध्ये सरकारीला थोडक्यात कमी पडले. राज्याच्या कॅप राउंडमधून खासगी कॉलेज मिळालं. फी वर्षाला ९ लाख ४० हजार. आकडा ऐकून घरात दोन दिवस कोणी नीट जेवलं नाही. आमचं रान नऊ एकर, त्यात तीन एकर डाळिंब, बाकी शाळू आणि बाजरी. पोरगी म्हणाली, "आप्पा, मी बीएस्सी करते." मी म्हटलं, थांब जरा, बँकेत जाऊन येतो.

बँकेचं जे झालं ते सविस्तर सांगतो, कारण खरी गोम तिथं आहे. शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखांपर्यंत तारण मागायचं नाही असा नियम आहे, त्याला केंद्राची हमी असते. त्याच्या वर गेलं की तारण लागतं. मला वीस लाखांची मंजुरी पाहिजे होती. मी सात-बारा, आठ-अ सगळं घेऊन गेलो. साहेब चांगले होते, खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाले, "काका, शेतजमीन तारण चालत नाही." मला वाटलं टाळायला लागलेत. नंतर कळलं की त्यात तथ्य आहे. २००२ च्या ज्या कायद्यानं बँक कोर्टात न जाता थकबाकीदाराचं तारण ताब्यात घेते, तो कायदा शेतजमिनीला लागूच नाही. शेतकऱ्याचं रान वाचावं म्हणून ही सवलत ठेवली. ठीक आहे, चांगली गोष्ट आहे. पण त्यामुळं नऊ एकराचा मालक बँकेच्या हिशेबी बिनतारणाचा माणूस झाला, आणि शहरात एक फ्लॅट असलेला माणूस ऐपतीचा ठरला. गावठाणातलं घर सांगितलं तर म्हणाले, ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा पुरत नाही.

वर आणखी एक निघालं. सोसायटीचं पीककर्ज थकलेलं होतं. कर्जमाफी येणार येणार म्हणून आम्ही सगळ्यांनीच वाट बघितली, तुम्हाला सांगायला नको. ते सगळं सिबिलमध्ये दिसत होतं. शैक्षणिक कर्जात बाप सहकर्जदार असतो, म्हणजे माझ्या थकबाकीचा डाग पोरीच्या फाईलवर पडला. तेव्हा ज्यांच्या घरात पोरं अकरावी-बारावीला आहेत त्यांनी हे आधी बघा. कर्जमाफीच्या भरवशावर खातं थकवू नका, पोराच्या ॲडमिशनच्या वेळी ते आडवं येतं.

शेवटी पोरीचा मामा धावून आला. तो गलाईच्या धंद्यात, तिकडं तमिळनाडूत असतो. विट्याला त्यानं घर बांधलंय. फोनवर एवढंच म्हणाला, "दाजी, घर माझं आहे, भाची पण माझीच आहे. कागद करा." त्या घराच्या तारणावर कर्ज झालं. मी सोसायटीचं भागवायला दोन खिलार खोंडं विकली. मामाचा उपकार फिटणारा नाही. पण मी तेव्हापासून एकच विचार करतोय, ज्या पोरीला असा मामा नाही तिनं काय करायचं?

आता शिष्यवृत्तीचं. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, ज्याला सगळे ईबीसी म्हणतात, त्यात आठ लाखांच्या आत उत्पन्न असलं तर फीचा निम्मा भाग शासन देतं. पहिली दोन वर्षं आम्हाला ती मिळाली. मिळाली म्हणजे मंजूर झाली, पैसे मागाहून. कॉलेजनं आधी पूर्ण फीचा चेक लिहून घेतला होता, ते दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. मग ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आला. आर्थिकदृष्ट्या मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, पन्नासऐवजी शंभर टक्के शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ. आधीपासून शिकत असलेल्या मुलींनाही लागू. सरकारच्या चांगल्याला चांगलं म्हटलं पाहिजे, या एका कागदानं माझ्या घरातलं निम्मं ओझं उतरलं. (हाच निर्णय कृषी पदवीलाही आहे, कृषी सहाय्यक मंडळींनी गावात सांगावं.)

पण त्यात बारीक अक्षरं आहेत. प्रवेश कॅपमधूनच पाहिजे. संस्था स्तरावरच्या कोट्यातून किंवा डीम्डला गेलात तर यातलं काही मिळत नाही. दलाल लोक फोन करतात, "शीट मिळवून देतो, शिष्यवृत्ती पण बसवतो." बसत नाही. होस्टेल, मेस, पुस्तकं, विकास शुल्क हे आपल्याच गळ्यात. होस्टेलसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, अल्पभूधारकाच्या आणि नोंदणीकृत मजुराच्या मुलांना. ती लई जणांना माहीतच नसते. अनुसूचित जातीच्या मुलांना अडीच लाखांच्या आत उत्पन्न असेल तर भारत सरकारची शिष्यवृत्ती, त्याच्या वर फ्रीशिप. सगळे अर्ज महाडीबीटीवर, दर वर्षी नूतनीकरण करायचं, विसरलात तर त्या वर्षाचे गेले. बँक खात्याला आधार जोडलेलं पाहिजे. उत्पन्नाचा दाखला मे महिन्यातच काढून ठेवा, जून-जुलैत सेतूत पाय ठेवायला जागा नसते.

व्याजाचीही सवलत आहे. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर शिकत असतानाचं व्याज केंद्र सरकार भरतं. २०२४ च्या नोव्हेंबरात पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर झाली, त्यात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत आहे आणि तारण-जामीन नाही. पण ती देशातल्या निवडक संस्थांनाच. तुमचं कॉलेज यादीत आहे का ते आधी बघा. माझं म्हणाल तर ज्या वर्षी दाखला काढला त्या वर्षी नेमका डाळिंबाला भाव लागलेला. दाखल्यावर पाच लाख दहा हजार आले. पुढच्याच वर्षी तेल्यानं अर्धी बाग खाल्ली, पण कागदावर मी बागायतदारच. नोकरदाराचा पगार दर महिन्याला सारखा, त्याच्या मापानं आपलं उत्पन्न मोजलं की असंच होणार.

हिशेब शेवटी असा बसला. पोरीच्या नावावर आजवर चौदा लाख उचललेत. डिग्री हातात येऊन हप्ता सुरू होईपर्यंत व्याज धरून सतरा लाखांच्या आसपास जाईल. दहा टक्क्यांनी पंधरा वर्षं धरली तर महिन्याचा हप्ता सव्वाअठरा हजार. पंधरा वर्षांत तेहतीस लाख भरायचे. शिकत असताना नुसतं व्याज भरत गेलं तर बऱ्याच बँका एक टक्का व्याज कमी करतात. जमेल तेवढं भरा, आम्हाला दोनच वर्षं जमलं. आणि ज्याला चाळीस लाख काढावे लागतात त्याचा हिशेब बघा. अकरा टक्क्यांनी पंधरा वर्षं, हप्ता साडेपंचेचाळीस हजार. प्राथमिक आरोग्य केंद्रात कंत्राटी एमबीबीएसला सत्तर-पंच्याहत्तर हजार मिळतात. हप्ता गेला की त्याच्या हातात उरतात पंचवीस-तीस हजार. तो कशाला राहील आमच्या खेड्यात? तो शहरातलं मोठं हॉस्पिटल बघणार, नाहीतर पुढच्या डिग्रीच्या मागं लागणार. त्याला नावं ठेवून उपयोग नाही, त्याच्या मानेवर बँक बसलीय.

आता माझ्या मुद्द्यावर येतो. आमच्या गावापासून मिरज शंभर किलोमीटरच्या वर. विजापूर त्यापेक्षा जवळ, म्हणून पूर्व भागातली माणसं पेशंट घेऊन तिकडंच पळतात. तीन वर्षांपूर्वी माझ्या आईचं तोंड पहाटे वाकडं झालं, हात उचलेना. जवळच्या केंद्रात गेलो तर डॉक्टरची जागा रिकामी. आधीच्या डॉक्टरचं बाँडचं वर्ष संपलं होतं, नवीन आला नव्हता. सिस्टरनं बीपी बघितलं आणि म्हणाली, वेळ घालवू नका, न्या. विजापूरला पोचेपर्यंत नको तेवढा वेळ गेला. आई वाचली, पण उजवा हात गेला तो गेलाच. शाळवाची भाकरी थापणारा हात होता.

हे बाँड काय आहे ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्यानं एक वर्ष सरकारी सेवा करायची, नाहीतर दहा लाख रुपये दंड भरायचा. पदव्युत्तरला दंड पन्नास लाख. ऐकायला चांगलं वाटतं. पण एका वर्षात काय होतं? डॉक्टरला गावाची ओळख व्हायलाच सहा महिने जातात. आमच्याकडं निम्मी म्हातारी माणसं कन्नड बोलतात. "होट्टे नोवू" म्हणजे पोट दुखतंय, हे कळायला विदर्भातल्या पोराला कंपाउंडर मध्ये घ्यावा लागतो. माणसं विश्वास ठेवायला लागतात तोवर त्याचं वर्ष भरतं आणि तो जातो. शिवाय दंडाची सोय कुणाच्या कामाची? ज्याच्या बापाकडं दहा लाख आहेत तो भरून सुटतो, ज्याच्याकडं नाहीत तो येतो. म्हणजे सेवा गरिबाच्याच पोरानं करायची.

२०१९ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं आणखी एक विधेयक मंजूर केलं होतं. एमबीबीएसच्या दहा टक्के जागा ग्रामीण भागात सात वर्षं सेवा करणाऱ्यांना राखून ठेवायच्या आणि शब्द मोडला तर तुरुंग, डिग्री रद्द. त्यातली राखीव जागेची कल्पना मला पटते. तुरुंग पटत नाही. सात वर्षं एका जागी राहायला सांगताना त्याच्या कर्जाचं काय, याचा विचार कुणी करायचा? शिक्षा लिहायला पैसे लागत नाहीत, म्हणून ती आधी लिहिली जाते.

आता आपल्या पाण्याकडं बघा. म्हैसाळ, टेंभू, ताकारी. कृष्णेचं पाणी एवढं वर उचलून दुष्काळी रानात आणायचं तर वीजबिल शेतकऱ्याला परवडणारं नव्हतं. बिल थकायचं, पंप बंद पडायचे, मोर्चे निघायचे. मग ठरलं, ८१ टक्के बिल शासनानं सोसायचं, १९ टक्के शेतकऱ्याच्या पाणीपट्टीतून घ्यायचं. सरकारनं मान्य केलं की पाणी चढावर न्यायचा खर्च चढावरच्या माणसानं एकट्यानं भरायचा नसतो. आमच्या पूर्व भागातल्या बऱ्याच गावांना अजून पाण्याची वाट बघावी लागतेय ते वेगळं, पण तत्त्व मान्य झालं.

माझं म्हणणं एवढंच आहे. डॉक्टरही चढावरच आणायचा आहे. मग त्याच्या कर्जाच्या हप्त्याला ८१-१९ का नाही? जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, तिकडं माण, खटाव, असल्या तालुक्यांत जो एमबीबीएस सरकारी केंद्रात पाच वर्षं राहील, त्याच्या शैक्षणिक कर्जाच्या हप्त्यातले ८१ टक्के शासनानं थेट बँकेला भरावेत, तो राहील तोवर दर महिन्याला. सोडून गेला की हप्ता बंद. दंड नको, कोर्ट नको, तुरुंग नको. माझ्या पोरीचाच हिशेब धरा. सव्वाअठरा हजारातले ८१ टक्के म्हणजे पंधरा हजाराला थोडे कमी. पाच वर्षांचे झाले नऊ लाख. म्हणजे ज्या दहा लाखांचा दंड भरून पोरं एका वर्षातून सुटतात, त्याच्यापेक्षा कमी पैशात गावाला पाच वर्षं डॉक्टर मिळतो.

हे मी डोक्यातून काढलेलं नवीन काही नाही. जपानमध्ये १९७२ साली जिची वैद्यकीय विद्यापीठ काढलं. तिथं प्रत्येक प्रांतातून दर वर्षी दोन-तीन पोरं निवडतात, सहा वर्षांची फी कर्ज म्हणून दिली जाते, आणि डॉक्टर झाल्यावर त्यानं आपल्याच प्रांतात नऊ वर्षं नेमून दिलेल्या ठिकाणी, बेटांवर, डोंगरात, काम केलं की ते कर्ज माफ. आपल्याच प्रांतात, हा शब्द महत्त्वाचा. अमेरिकेतही १९७० च्या दशकापासून डॉक्टर नसलेल्या भागात जाणाऱ्याला सरकार शिष्यवृत्ती देतं, पुढं कर्ज फेडायचीही योजना आली. २००७ पासून तिथं सरकारी किंवा धर्मादाय संस्थेत दहा वर्षं काम करून १२० हप्ते भरले की उरलेलं केंद्राचं विद्यार्थी कर्ज माफ होतं. आणि लांब कशाला, आपल्या पुण्यातलं सैन्याचं वैद्यकीय महाविद्यालय बघा, १९४८ पासूनचं. पोरांकडून शिक्षणाची फी घेत नाही, पुढं सैन्यात सेवा घेतं. सैन्याला जमतं, कारण सैन्याला डॉक्टर पाहिजेच असतो.

कोणी म्हणेल, सरकारकडं पैसा कुठाय. लाडक्या योजनांना असतो तेवढा इथंही निघेल. एका तालुक्यात असे डॉक्टर लागतील किती? वीस-पंचवीस. पंचवीस जणांचे महिन्याला पावणेचार लाख. आमच्याकडं दुष्काळात टँकरवर किती जातं ते विचारा.

दुसरा आक्षेप माझ्या मंडळींनीच काढला. "पोरीला पाच वर्षं इथं बांधून घालणार का? तिचं लग्न, पुढचं शिक्षण?" प्रश्न बरोबर आहे. म्हणून मी सक्ती म्हणत नाही. ज्याला राहायचंय त्याला राहणं परवडलं पाहिजे, एवढंच. आणि पाच वर्षं राहणाऱ्याला पदव्युत्तरच्या प्रवेशात काही गुण द्या, केंद्राशेजारी राहायला धड क्वार्टर द्या. आमच्याकडच्या क्वार्टरमध्ये सध्या शेळ्या बसतात.

मी पोरीला विचारलं, असं काही झालं तर येशील का? ती हसली. म्हणाली, "आप्पा, कन्नड येणारी डॉक्टर मीच असणार की. पण हप्त्याचं आधी बघा." पुढच्या वर्षी तिची इंटर्नशिप लागेल, त्यानंतर वर्षभरात हप्ता चालू.

या पानावर आमदार-खासदारांची माणसंही असतात, त्यांनी हे पुढं पोचवावं. ज्यांची पोरं बाँड करताहेत किंवा करून आलीत त्यांनी आपला अनुभव खाली लिहा, पगार वेळेवर झाला का तेही लिहा. आणि शैक्षणिक कर्जाला गावठाणातल्या घराची सनद, म्हणजे ड्रोन मोजणीतून आलेलं प्रॉपर्टी कार्ड, कुठल्या बँकेनं तारण म्हणून घेतलं असेल तर जरूर सांगा. दोन घरं त्यासाठी थांबलीत.

डाळिंबाचं परवा लिहितो. पाऊस उघडला की बोर्डोची फवारणी घ्यायचीय, मोरचूद आणून ठेवलाय.